कुंडीतले पाणी जाणार कुठे?

तिसऱ्याचा दिवस, सकाळ. जबाबदार : समोरच्या दारच्या वत्सलाताई. साधन : पितळी तांब्या, काठोकाठ भरलेला.

तोच दिवस, दुपार. जबाबदार : आपली मुलगी माधुरी, जळगावहून आलेली. साधन : स्वयंपाकघरातले पातेले. रडत रडत घातल्यामुळे प्रमाण सांगता येत नाही.

त्यानंतर रोज. जबाबदार : दारावर भेटायला आलेली मंडळी. नावे देता येत नाहीत, कारण मी मान वर करून कोणाकडे पाहत नव्हतो. आलेल्या प्रत्येकाला पाणी दिले गेले, प्रत्येकाने रिवाजाप्रमाणे घोटभर घेतले आणि उरलेला पेला हाताशी असलेल्या कुंडीत रिकामा केला.

दशक्रियेचा दिवस, दिवेलागण. जबाबदार : तुझा सख्खा धाकटा भाऊ प्रभाकर, राहणार सावदा, व्यवसाय केळीची बागायत. साधन : बादली.

इंदू, तुळशीची लग्ने लागत होती त्या दिवसांत तू गेलीस. तुझ्या जाण्याबद्दल मी कोणालाही जबाबदार धरत नाही. हृदय थकले होते, डॉक्टरांनी त्यांचे काम केले, रिक्षा वेळेत आली, मी शेजारी होतो. जन्मभर न्यायालयाच्या कचेरीत शिरस्तेदारी केल्यावर एवढे मला कळते की जेथे कसूर नाही तेथे आरोप ठेवता येत नाही. वरील आरोप तुझ्या मृत्यूसंबंधी नाहीत. ते फाटकीच्या मुळांसंबंधी आहेत.

हे पत्र नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राकडे जाणार असल्याने वाचणाऱ्यांसाठी थोडा खुलासा करणे भाग आहे. तेवढा वेळ तू सहन कर. फाटकी हे एका झाडाचे नाव. माधुरीच्या मुलाच्या बारशाला आपण जळगावला गेलो होतो आणि परतताना तू रिक्षा एका रोपवाटिकेपाशी थांबवलीस. आत एक रोप होते, मोठाली हिरवी पाने आणि प्रत्येक पान काठापासून आत चिरत गेलेले. रोपवाटिकेतल्या माणसाने मोठ्या रुबाबात नाव सांगितले, मॉन्स्टेरा. तू पान हातावर घेऊन उलटसुलट पाहिलेस आणि म्हणालीस, "हिले कोन्ता वारा लागला?"

त्या माणसाला कळेना. तो म्हणाला, वारा नाही, पान असेच असते. तू हसलीस. केळीच्या बागेत वाढलेल्या मुलीला वाऱ्याने फाटलेले पान ओळखता येत नाही असे कोणी सांगावे, आणि तेही जळगावात! "घरात बसल्या बसल्या फाटली म्हना की," तू म्हणालीस आणि ती कुंडी मांडीवर घेऊन बसने धुळ्यापर्यंत आलीस. त्या दिवसापासून तिचे नाव फाटकी. मॉन्स्टेरा हा शब्द आपल्या घरात पुन्हा उच्चारला गेला नाही.

तिच्यासारखीच बाकीची. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, त्या ठिपक्यांच्या पानांचे ते एक. सगळी उष्ण आणि दमट मुलखातली. आमचे धुळे म्हणजे उन्हाळ्यात भट्टी आणि मार्गशीर्ष लागला की कोरडे, दात वाजवणारे गार. मी म्हणायचो, ज्यांचा हा मुलूख नाही त्यांना येथे आणून डांबणे हा अन्याय आहे. तू म्हणायचीस, "मलेबी आनलंच ना तुम्ही सावद्याहून." हा मुद्दा नोंदवून घेऊन मी कुंड्या उचलू लागायचो.

दिवाळी सरली की तुझा हिवाळ्याचा कायदा लागू व्हायचा. खत बंद, थेट होळीपर्यंत. कुंड्या उत्तरेच्या खिडकीच्या काचेपासून हातभर आत, कारण गार काचेला टेकलेले पान टेकल्या जागी काळे पडते. पाण्याची बादली सकाळी उन्हात. टाकीतले गारढोण पाणी सरळ नळातून मुळांवर घालायचे नाही. आणि त्याआधी मातीत बोट खुपसून पाहायचे. दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी, तेही थोडे, तेही सकाळचे, आणि थाळीत उतरलेले पाणी लगेच ओतून टाकायचे. हिवाळ्यात झाड निजल्यासारखे असते, निजलेल्याच्या तोंडात घास कोंबू नये, असे तुझे म्हणणे होते. पाने मात्र ओल्या फडक्याने पुसायचीस, खालून तळहाताचा आधार देऊन. न्हाऊ घातलेल्या बाळाची मान धरावी तसा तो हात असायचा. आता तो हात माझा आहे. तो तितका हलका नाही, तक्रार आली तर ऐकून घेईन.

आणि वर्तमानपत्रे. थंडी वाढली की संध्याकाळी तू त्या खिडकीच्या काचेवर आतून वर्तमानपत्रे लावायचीस आणि सकाळी दिवस वर आला की काढायचीस. त्यासाठी तू मुद्दाम माझी पत्रे छापून आलेले अंक वापरतेस हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी हरकत नोंदवली होती. पाणीपुरवठा, पथदिवे, नाट्यगृहाचे गळके छत, सगळे विषय काचेला चिकटलेले. तू खुर्चीवर उभी, तोंडात चिकटपट्टीचा तुकडा, तरी बोलायची थांबली नाहीस. "तुमच्या पत्राईनं सरकार हाललं नाही, पन वारा अडला!"

मी रागावलो होतो. खालून खुर्ची धरून ठेवली होती, पण रागावलो होतो.

आपल्या भांडणांची एक पद्धत ठरलेली होती. तू जिंकलीस की मला निकाल वाचावा लागे, आणि तो प्रमाण भाषेत चालत नसे. माझ्या आईच्या बोलीत, आमच्या गावच्या अहिराणीत हवा असे. तू कमरेवर हात ठेवून उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "हं, निकाल!" मग मी म्हणायचो, "बठ्ठं तुनं खरं शे." सगळे तुझेच खरे आहे. सावद्याच्या मुलीला धुळ्याच्या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकण्यात काय सुख होते कोण जाणे. पण ते मिळाले की तू चहा टाकायचीस, आणि चहा हे प्रकरण निकाली निघाल्याचे चिन्ह होते.

एक भांडण मात्र प्रलंबित राहिले. थंडीत फांदी कापावी की नाही. तुझे म्हणणे, कितीही झाले तरी होळीच्या आत कात्री लावू नये. थंडीतली जखम भरत नाही आणि कापलेल्या फांदीला मूळ फुटत नाही. माझे म्हणणे, प्राणावर बेतले तर मुहूर्त पाहायचा नसतो. अत्यावश्यकता सिद्ध झाली की एरवी निषिद्ध असलेली कृतीही क्षम्य ठरते. तू म्हणालीस, "झाडाले तुमची कलमं वाचता येत नाहीत." मी म्हणालो, प्रसंग आला की पाहू. प्रसंग आपल्या दोघांसमोर आलाच नाही. तो माझ्या एकट्यासमोर आला.

मार्गशीर्षात फाटकीचे खालचे पान पिवळे पडले. मग त्याच्या वरचे. मातीवर चिलटे फिरू लागली. मी बोट घातले. दुसरे पेर कशाला, नखाखालीच चिखल. खोड बुडाशी दाबून पाहिले तर पिकल्या केळ्यासारखे मऊ. वर्तमानपत्र पसरून त्यावर कुंडी उलटी केली तेव्हा जो वास आला तो मी येथे लिहीत नाही. मुळे काळी होती, हाताला लागताच साल निसटत होती.

त्याच दिवशी मी वरील घटनाक्रम जुळवला. आणि त्याच दिवशी, पोचपावतीसह, प्रभाकरला नोटीस पाठवली.

त्यालाच का, हे तू विचारशील. बाकीच्यांनी तांब्या, पातेले, पेला वापरला. त्यांना झाडातले काही कळत नाही असा संशयाचा फायदा देता येतो. प्रभाकर बागायतदार आहे. जो जाणतो त्याच्यावर अधिक जबाबदारी असते. दशक्रिया उरकून आम्ही घाटावरून परतलो, माणसे बसली होती, दिवे लागायची वेळ होती, आणि मी पाहिले तर हा उत्तरेच्या खिडकीपाशी बादली घेऊन उभा. सगळ्या थाळ्या भरून फरशीवर ओघळ आलेले.

"हे काय करतोस?"

"भाऊजी, आज लय गार सुटलं. थंडी पडली की पानी द्याच लागते. नाहीतं आक्काची झाडं करपतीन."

घरात माणसे होती म्हणून मी फक्त त्याच्या हातातली बादली काढून घेतली. तो खाली बसला, खांद्यावरच्या रुमालाने फरशी पुसली, आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ तेथेच बसून राहिला.

नोटिशीची पोचपावती आली, तिच्यावर त्याची सही होती. उत्तर आले नाही. फोनही नाही. एरवी दर बाजाराच्या दिवशी फोन करून केळीचा भाव आणि माझा रक्तदाब एका दमात विचारणारा माणूस. मग माधुरीचा फोन आला.

"आबा, मामाला काय पाठवलंत तुम्ही?"

"नोटीस."

"मामाला? नोटीस?"

"मुद्देसूद आहे. शिवराळ शब्द एकही नाही."

"मामी सांगत होती, त्या दिवशी जेवला नाही तो. 'मीच मारलं आक्काचं झाड,' एवढंच बोलतो आणि बागेत निघून जातो. आबा, पाणी मीही घातलं होतं ना? मला नाही आली नोटीस?"

"तुझी लिहून तयार आहे. टपालात टाकायची राहिली."

"टाका. पण आधी मामाशी बोला." मग म्हणाली, "आई असती तर तिनं तुम्हाला फोन लावूनच दिला असता. हातात."

खरे आहे. तू फोन लावून माझ्या कानाला धरला असतास आणि स्वतः शेजारी उभी राहिली असतीस.

त्या फोननंतर मी प्रकरणाचे कागद पुन्हा चाळावेत तसे सगळे मनात चाळले. नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व असे की दुसऱ्या पक्षाचे ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये. दुसरा पक्ष गप्प आहे. मग त्याच्या बचावात जे काही माझ्या माहितीत आहे ते मीच पुढे ठेवले पाहिजे; वादीच्या हातात प्रतिवादीच्या बाजूचा पुरावा असेल तर तो दडवता येत नाही. असा एक पुरावा माझ्याकडे आहे. तो तुझा आहे. तू तो मला गुप्त ठेवायला सांगितला होतास, आणि मी आजपर्यंत ठेवला.

इंदू, मी तो आता उघड करतो आहे.

या घरातला आपला पहिला हिवाळा. वत्सलाताईंनी दिलेला मनीप्लांट, तुझे घरातले पहिलेच झाड, उत्तरेच्या खिडकीत ठेवलेले. थंडी पडली आणि तू रोज दिवेलागणीला त्याला तांब्याभर पाणी घालू लागलीस. मी विचारले तेव्हा तू मला सावद्याची गोष्ट सांगितलीस. थंडीची लाट आली की तुझे वडील तुम्हा दोघा भावंडांना उठवायचे आणि बागेत पाणी सोडायला न्यायचे. विहिरीचे पाणी कोमट यायचे, पाटात उतरले की वाफ दिसायची. तू आणि प्रभाकर पाय गारठले म्हणून पाटातच उभे राहायचात, एकमेकांना धरून. बांधावर पाचोळा पेटवून धूर केलेला असायचा. पाणी आणि धूर, यांनी केळी थंडीतून तरते, हे तुम्ही दोघे एकाच पाटात उभे राहून शिकलात.

तो मनीप्लांट संक्रांतीच्या आत कुजला. तू तो हातात धरून जमिनीवर बसली होतीस. मला वाटले रडशील. तू त्या मुळांवरून बोट फिरवलेस आणि म्हणालीस, "बागेतल्या पान्याले जायाले जमीन असते. कुंडीतलं पानी जाईन कुठी?"

हिवाळ्याचा तुझा सगळा कायदा, ते बोट, ती उन्हातली बादली, ते थाळी ओतून टाकणे, या एका प्रश्नातून निघाला. आणि लगेच तू माझ्याकडून वचन घेतलेस. "हे सावद्याले सांगू नका. केयीवाल्याची पोर, अन् पान्यानं झाड मारलं! हसतीन लोकं."

मी सांगितले नाही. म्हणूनच प्रभाकरला ते कधी कळले नाही. बहिणीने जी चूक करून जो धडा घेतला, तो धडा माहेरी पोहोचलाच नाही, आणि इतक्या वर्षांनी भावाने तीच चूक त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला केली. एकाच कृत्यासाठी बहिणीला सहानुभूती आणि भावाला नोटीस, हे समानतेच्या कोणत्याही तत्त्वात बसत नाही. तुझे गुपित फोडल्याचा दोष माझा. तो मी पत्करतो. पण सावद्यात आज कोणी हसणार नाही, याची मला खात्री आहे.

आणखी एक गोष्ट मला उशिरा समजली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण खान्देशातली माणसे गेलेल्यांच्या नावाने घागर भरतो. पाटावर मातीची घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि मनात एकच विचार, आपल्या माणसाला तहान लागली असेल. लहानपणापासून हेच पाहिले आहे. गेलेल्याला आपण पाणी देतो. वत्सलाताईंचा तांब्या, माधुरीचे पातेले, त्या अनोळखी माणसांचे अर्धे पेले यांतले काहीच झाडांना घातलेले नव्हते. ते सगळे तुला घातले होते. आखाजी वैशाखात येते आणि तू कार्तिकात गेलीस. त्यांना तेवढा धीर धरवला नाही, इतकेच. माझा राग तरीही आहे. पण तो आता उभा नाही, बसला आहे.

फाटकीचे सांगायचे राहिले. मी तिला कापले. कुजलेल्या भागाच्या बरेच वर, जेथे खोडातून ते दोरीसारखे हवेतले मूळ बाहेर आले होते त्याच्या खाली, सुरी उकळत्या पाण्यातून काढून. सुरी धरताना तुझा आवाज स्पष्ट ऐकला, होळीच्या आत नाही. मी अत्यावश्यकता मोठ्याने उच्चारली आणि कापले. एक पान असलेला तो तुकडा लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत पाण्यात ठेवला. बरणी दिवसा दक्षिणेच्या खिडकीत, ऊन सरले की स्वयंपाकघरात, जेथे भिंत उबदार राहते. पाणी बदलतो, तेही उन्हात ठेवलेले. मार्गशीर्ष असा गेला. काही झाले नाही. पान तेवढे ताठ राहिले, जणू त्याला कोणी काही कळवलेच नव्हते. पौष लागला. मी रोज बरणी उजेडाला धरत होतो आणि रोज तुझे म्हणणे खरे ठरत होते.

आज सकाळी बरणीत, कापल्या जागेच्या थोडे वर, मटकीला मोड यावा तसे पांढरे टोक दिसले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. नंतर वत्सलाताईंना बोलावले. त्या म्हणाल्या, "मूळच आहे हो, आबा." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पाणी घालू का, असे मात्र विचारले नाही.

म्हणजे या एका भांडणात मी जिंकलो. निकाल माझ्या बाजूने लागला आहे आणि तो वाचायचे काम हरलेल्या बाजूचे, पण समोर कोणी उभे नाही. जिंकलेल्याने आपल्याच बाजूचा निकाल आपणच वाचायचा, अशी तरतूद कोठेही नाही. म्हणून मी तो वाचत नाही. मी नेहमीचाच वाचतो. बठ्ठं तुनं खरं शे, इंदू. चहा मी टाकला आहे.

हयातभर मी संपादकांना पत्रे लिहिली. तुला एकही लिहिले नाही, कारण तू कधी पत्राच्या अंतरावर नव्हतीस. हे पहिले. छापून आले की अंक उत्तरेच्या खिडकीला लावीन. तुझी बाकीची झाडे अजून काचेच्या आत तग धरून आहेत, आणि थंडी बरीच बाकी आहे.

आता प्रतिवादीस. प्रभाकर, तुला पाठवलेली नोटीस मी या पत्राने, बिनशर्त आणि जाहीरपणे, मागे घेतो. परंतु सुनावणी मागे घेतलेली नाही. फाटकीचे हे मूळ होळीनंतर मातीत लागेल. आखाजीपर्यंत तिला नवे पान आले असेल. त्या दिवशी या घरात तुझ्या आक्काच्या नावाने पहिली घागर भरली जाईल, आणि ती तू भरायची आहेस, कारण पाटातल्या त्या पाण्यात तिच्यासोबत तू उभा होतास, मी नव्हतो. घागर भरून झाली की माधुरी, वत्सलाताई आणि जमलेल्या सर्वांसमक्ष तू उभे राहून एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे : थंडीत कुंडीतले पाणी जाणार कुठे? उत्तर वर, तुझ्या आक्काच्या शब्दांत दिलेले आहे. पाठ करून ये. उत्तर बरोबर आले तर फाटकीची कुंडी तुझ्या मांडीवर देऊन तुला सावद्याच्या बसमध्ये बसवण्यात येईल. लेखी उत्तर चालणार नाही, फोनवर चालणार नाही, बायकोला पुढे करणे चालणार नाही. स्वतः यावे, सर्वांच्या देखत सांगावे, आणि झाडाजवळ उभे राहताना हात कोरडे असावेत.